घरी जायची वेळ

जपानमधल्या गावांत संध्याकाळ कानांनी कळते. शाळेच्या कुंपणाशी, देवळाच्या पायऱ्यांखाली, भातखाचरांच्या मध्ये एखादा उंच राखी खांब उभा असतो आणि त्याच्या शेंड्याला चार दिशांना तोंडं केलेले कर्णे. पाच वाजले की आधी जराशी खरखर होते, मग धून सुरू होते. शब्द नसतात. घंटानादासारखे सूर, थोडे पत्र्याच्या आवाजाचे, सावकाश उतरत येणारे. जवळच्या खांबावरचा सूर विरायच्या आत ओढ्यापलीकडच्या खांबावरचा येऊन पोचतो आणि समोर डोंगर असेल तर तोही आपल्या परीने सूर परत पाठवतो. मिनिटभराचा हा सगळा खेळ. मी तिथे राहत होते तेव्हा तेवढ्यात शेजारच्या आजी दोरीवरचे कपडे काढून घेत, चिमटे एकेक करून एप्रनच्या खिशात टाकत आणि खिडक्यांवरच्या सरकत्या झडपा ओढून घेत. घड्याळ बघताना त्या मला कधी दिसल्याच नाहीत.

गावागणिक धून बदलते. काही ठिकाणी कावळ्याच्या सात पिलांचं जुनं बालगीत वाजतं. काही ठिकाणी द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीतला संथ भाग असतो. एका चेक माणसाने 1893 मध्ये अमेरिकेत बसून लिहिलेलं ते संगीत जपान्यांनी स्वतःचे शब्द घालून घरच्या वाटेचं गाणं करून टाकलं. आणि कितीतरी गावांत ‘युयाके कोयाके’ वाजतं: मावळतीची लाली, डोंगरातल्या देवळाची घंटा, हातात हात धरून घरी निघालेली मुलं आणि त्यांच्यासोबत परतणारे कावळे.

हे गाणं लिहिणारे नाकामुरा उको हे ओंगाता नावाच्या डोंगरी खेड्यातले. ते खेडं आता तोक्योच्या पश्चिमेकडच्या हाचिओजी शहरात सामावलं आहे. मी राहत होते ती वस्ती त्याच बाजूची, म्हणून या माणसाबद्दल मला विशेष माया. ते तोक्योत प्राथमिक शाळेत शिक्षक होते. सुट्टीत गावी यायचं तर हाचिओजी स्टेशनापासून पुढे कित्येक किलोमीटर पायी जायचं. वाटेत दिवस मावळायचा. त्या चालण्यातूनच त्यांना कविता सुचली असं सांगतात, आणि ती वाट एकदा पायाखालून घातल्यावर ते पटतं. दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येत जातात, प्रकाश वरच्या वर राहतो आणि खालच्या रस्त्यावर अंधार आधी उतरतो. कविता 1919 ची. कुसाकावा शिन यांनी तिला चाल लावली आणि 1923 मध्ये ती छापून आली. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला, दुपारी बारा वाजायच्या दोन मिनिटं आधी, कांतोचा महाभूकंप झाला. जेवणासाठी घरोघरी चुली पेटलेल्या होत्या, वारा सुटलेला होता. भूकंपाहून आगीनेच जास्त माणसं नेली. एक लाखाहून अधिक गेली. गाण्याच्या छापील प्रतीही बहुतेक जळाल्या. वाचलेल्या मोजक्या प्रतींवरून गाणं शाळाशाळांतून पसरलं.

आणि ज्या घंटांचा आवाज त्या गाण्यात आहे, त्यांचं काय झालं? 1941 मध्ये धातू जमा करण्याचा हुकूम निघाला आणि देशभरातल्या देवळांतल्या बहुतेक घंटा युद्धासाठी वितळवल्या गेल्या. शतकानुशतकं गावाला वेळ सांगणाऱ्या घंटा, बैलगाड्यांवर आणि ट्रकवर चढवून नेलेल्या. लोकांनी त्यांना हार घालून, कधी स्वतःच्या पोरासारखा निरोप देऊन पाठवलं. तो निरोप मला फार अस्वस्थ करतो. कोणी विचारलं नसेल का, घंटा कशाला? त्याआधीच्या वर्षी गल्लीगल्लीत शेजारगट नेमून झाले होते. दहा-दहा घरांचा एक गट. शिधा त्यातूनच मिळायचा, हुकूमही त्यातूनच यायचे, आणि कोण काय बोलतो यावर डोळाही त्याच गटाचा. एका आवाजाने सगळ्यांना एकाच वेळी हलवायची सवय या समाजाला फार महागात पडली आहे. खांबावरच्या गोड धुनेखाली ही जुनी सवय निजलेली आहे, हे मी विसरू शकत नाही.

तरीही तो खांब मला आवडतो, आणि त्याला कारण आहे. तो मुळात गाण्यासाठी उभारलेलाच नाही. भूकंप, त्सुनामी, पूर, वणवा अशा वेळी गावाला सावध करण्याची ती पालिकेची यंत्रणा. रोज वाजवून बघितलं तर तारा, बॅटरी, कर्णे ठीक आहेत हे रोज कळतं. चाचणीच घ्यायची, तर मग भोंगा कशाला, गाणं लावू, आणि तेही मुलांना घरी बोलावणारं, असं ज्या कोणा कारकुनाला पहिल्यांदा सुचलं असेल, त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. आपल्याकडे तिन्हीसांजेला अंगणातून आई हाक मारते. तिथे ती हाक पालिका मारते. काही गावांत हिवाळ्यात धून अर्धा तास आधी वाजते, कारण अंधार लवकर पडतो. एवढा विचार त्यात आहे.

11 मार्च 2011 ला दुपारी 2:46 ला ईशान्य किनारा हादरला तेव्हा मिनामीसानरिकू या मासेमारीच्या गावात हेच कर्णे वाजले. पालिकेच्या तीन मजली आपत्तीनिवारण इमारतीत बसून एक चोवीस वर्षांची कर्मचारी बोलत राहिली. उंचावर जा, त्सुनामी येते आहे, उंचावर जा. पाणी त्या इमारतीच्या छतावरून गेलं. तिथे असलेली बहुतेक माणसं गेली, ती मुलगीही गेली. कित्येकजण तिचा आवाज ऐकून डोंगराकडे पळाले म्हणून आज आहेत. इमारतीचा लाल लोखंडी सांगाडा अजून उभा आहे. पाडावा की ठेवावा यावर गाव वर्षानुवर्षं दुभंगलेलं होतं. रोज तो बघणं ज्यांना सोसवत नव्हतं त्यांचंही खरं होतं. शेवटी तो जपायचं ठरलं.

आता या हाकेला ओ देणारी मुलंच कमी होत चालली आहेत. 1949 मध्ये जपानात सुमारे 27 लाख मुलं जन्मली, 2024 मध्ये 7 लाखांहूनही कमी. धून वाजते, सायकलवरून दोन पोरं जातात, एकीच्या पाठीवर चामड्याचं लाल दप्तर, दुसऱ्याच्या डोक्यावर पिवळी टोपी. मग रस्ता मोकळा. मुलं इतकी विरळ झाली की त्यांचा आवाज कानाला खुपायला लागला, हे मला सगळ्यात जास्त लागतं. तोक्योने 2015 मध्ये आवाजाच्या नियमांतून लहान मुलांचे आवाज वगळले, म्हणजे तोवर ते त्यात धरले जात होते. नागानो शहरात तक्रारींनंतर 2023 मध्ये मुलांची एक बागच बंद झाली. ज्या देशाने मुलांना घरी बोलावण्यासाठी आकाशात गाणं टांगलं, तिथे हे घडावं!

कर्ण्यांना दुसरं काम मिळालं आहे. धुनेनंतर केव्हातरी, कधी भर दुपारीही, एक संथ आवाज सांगू लागतो: एक गृहस्थ सकाळपासून घरी आलेले नाहीत. वय ऐंशीच्या पुढे, उंची अमुक, राखी स्वेटर, काळी पँट, पायात सपाता. दिसल्यास पोलिसांना कळवावं. प्रत्येक वाक्यानंतर मोठी विश्रांती, म्हणजे प्रतिध्वनी मागच्या शब्दावर चढू नये. 2023 या एका वर्षात स्मृतिभ्रंशामुळे हरवलेल्यांच्या 19 हजारांवर नोंदी पोलिसांकडे झाल्या. बहुतेक सापडतात. सापडले की तोच आवाज पुन्हा येतो, सापडल्याचं सांगतो, आभार मानतो. शेजारच्या आजी हातातलं काम थांबवून ते दुसरं निवेदन ऐकायच्या.

कर्णे आता जुने झाले, असं म्हणणारे आहेत. नव्या घरांच्या दुहेरी काचांतून आवाज आत येत नाही. मग पालिका घरोघरी छोटे रेडिओ देते, फोनवर संदेश पाठवते. ते जरूर करावं. पण फोनवरचा संदेश मला मिळतो, माझ्या खिशात. खांबावरचा आवाज हरवलेल्या माणसालाही ऐकू जातो. आणि स्मृती गेलेली पुष्कळ माणसं नेमकी दिवेलागणीलाच अस्वस्थ होतात. स्वतःच्याच घरात बसून, मला घरी जायचंय, म्हणतात आणि उठून चालू लागतात. त्यांना जे घर हवं असतं ते सत्तर वर्षांपूर्वीचं असतं. तिथवर पोचवणारी धून या गावांत रोज वाजते.

दक्षिणेला क्युशू बेटावर ओमुता नावाचं कोळशाच्या खाणीचं शहर आहे. खाण 1997 मध्ये बंद झाली, तरुण निघून गेले, म्हातारे राहिले. तिथे 2004 पासून एक सराव होतो. कोणीतरी वाट चुकलेल्याचं सोंग घेऊन रस्त्यांवरून फिरायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याशी बोलायला शिकायचं. शाळेतली मुलंही त्यात असतात. मागून हाक मारायची नाही, समोरून जायचं, चाल मंद करायची, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला यायचं. कुठे राहता असं एकदम विचारायचं नाही. आज छान ऊन आहे, म्हणायचं, कुठे निघालात, मीही त्याच बाजूला चाललोय. सुरुवातीला ‘भटकणाऱ्यांसाठीचा सराव’ असं त्याचं नाव होतं. नंतर शहराने त्यातला भटकणं हा शब्द काढून टाकला. कारण ते भटकत नसतात, ते कुठेतरी निघालेले असतात.