आडोशाची वेल

बागकामाची विलायती पुस्तकं वाचून आमच्या मुलुंड-बोरिवलीकडची माणसं रोपवाटिकेत हनीसकल मागायला जातात. आडोशाला हीच वेल, असं पुस्तकात छापलेलं असतं ना! मूळची चीन-जपानकडची ही वेल अमेरिकेत इतकी माजली, की तिथले लोक ती उपटून काढतात. आपल्या मे महिन्यातल्या घामट उकाड्यात मात्र ती कुढत बसते. मला कुणी विचारलं तर मी मधुमालती सांगतो. तिची फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात, मग लाल. पांढरी असतात तोवर लांब सोंडेचे पतंग येतात, रंग चढला की मधमाश्या आणि फुलपाखरं.

तळमजल्यावर राहणाऱ्याला आडोसा लागतोच. समोरच्या विंगमधल्या ओट्यावर काय शिजतंय ते आपल्याला दिसतं, म्हणजे आपलंही त्यांना दिसत असणार. हिरवी नेट बांधली की वारा अडतो आणि वर समोरचे दुखावतात; वेल लावली तर तेच लोक फांदी मागायला येतात.

पण मधुमालतीला मोकळी सोडली तर ती आडोसा करत नाही. सरळ दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलवर चढते, फुलं तिथल्यांना देते आणि आपल्या वाट्याला नुसत्या काठ्या. आपल्याला पडदा हवा असतो कमरेपासून डोक्यापर्यंत. म्हणून पावसाळ्यात सुटलेले कोवळे शेंडे मी जाळीवर आडवे वळवून बांधतो. शेंडा उभा आहे तोवर खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. तोच आडवा केला की त्याचा वचक कमी होतो आणि पानापानाच्या बगलेतून नवा फुटवा निघतो. सुतळी सैल हवी, खोड जाड झालं तरी रुतू नये इतकी. नायलॉनची दोरी तर नकोच. आणि हातमोजे घालावेत. या वेलीचं पान गळतं तेव्हा देठाचा बुडखा खोडावरच राहतो आणि वाळून टणक काटा होतो. त्याच काट्याने ती जाळीला अडकून वर सरकते, आपलं मनगटही त्यानेच ओरबाडतं.

छाटणी फेब्रुवारीत, आणि हात आखडता न घेता. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे जुनी काठी गेल्याचं दुःख करू नये. मे संपता संपता वरचा गुंता पुन्हा हलका करावा, कारण पावसात भिजलेल्या वेलीचं ओझं गंजक्या ग्रिलला पेलत नाही. बुलबुलाने आत घरटं केलं असेल तर मात्र पिल्लं उडेपर्यंत कातरी खिळ्यालाच. सोसायटीत ‘भिंतीला ओल येते’ ही तक्रार ठरलेली, आणि ती अगदीच खोटी नाही. जाळी भिंतीपासून वीतभर पुढे उभी करावी, मागून हवा खेळते.

आता आमची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. जमीन जाणार, म्हणून बुंध्याजवळचे फुटवे मुळांसकट काढून मी शेजाऱ्यांना वाटतोय. ‘काका, चौदाव्या मजल्यावर कोण बघणार आहे आपल्याकडे?’ शेजारच्या सूनबाईंनी विचारलं. समोरच्या प्लॉटवरही बिल्डरची पाटी लागली आहे, ती त्यांना दाखवली आणि अर्धा ड्रम माती आत्ताच भरून ठेवा म्हटलं.