पहारा जास्त झाला की

सोरायसिसची त्वचा भेगाळलेली असते. पापुद्रे सुटतात, कधी रक्तही येतं. अशा उघड्या कातडीत जंतूंनी सहज शिरायला हवं, पण फारसे शिरत नाहीत. उलट इसब झालेलं मूल खाजवून खाजवून बेजार होतं, जागा चिघळते, पिवळ्या खपल्या धरतात आणि तपासलं की स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू बहुतेक वेळा सापडतो. त्वचारोगशास्त्र शिकताना हा फरक मी नुसता पाठ केला होता. त्याचं कारण पुढे कळलं, आणि तेव्हापासून हा विषय मला सोडत नाही.

आपली त्वचा आणि पांढऱ्या पेशी स्वतःच जंतुनाशक पेप्टाइडं बनवतात, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे. त्यांतलं एक एलएल-३७. सदतीस अमिनो आम्लांची ही साखळी दोन ल्युसिनांनी सुरू होते, म्हणून हे नाव. तिच्यावर धनभार असतो, जिवाणूच्या आवरणावर ऋणभार. ती तिथे चिकटते आणि आवरण फाडते. २००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दोन्ही आजारांच्या त्वचेचे नमुने शेजारी ठेवून पाहिले. सोरायसिसमध्ये एलएल-३७ भरपूर होतं, इसबात अगदी कमी.

जंतू मारणं हे या रेणूचं अर्धंच काम, आणि माझ्या मते कमी महत्त्वाचं. रक्तद्रव आणि क्षारांच्या सान्निध्यात त्याची मारकशक्ती बरीच उणावते. पेशींशी बोलणं मात्र चालू राहतं. जखमेकडे पांढऱ्या पेशींना तेच बोलावतं. मेलेल्या जिवाणूंच्या आवरणातलं विष सुटलं की एलएल-३७ त्याला घट्ट धरून ठेवतं, म्हणजे प्रतिकारपेशी उगाच खवळत नाहीत. एकाच रेणूकडे दाह पेटवणंही आणि विझवणंही! कुठे, किती आणि कोणाच्या संगतीत, यावर सगळं ठरतं.

सोरायसिसमध्ये संगत बिघडते. आपल्याच मेलेल्या पेशींचा डीएनए त्वचेत नेहमीच सांडत असतो. एरवी तो लगेच मोडून जातो, प्रतिकारयंत्रणा त्याकडे लक्ष देत नाही. एलएल-३७ त्याला बिलगलं की तो मोडत नाही, गाठोडं होऊन संरक्षक पेशींच्या आत पोहोचतो. त्यांना वाटतं विषाणू आला. त्या इंटरफेरॉन हे इशाऱ्याचं प्रथिन सोडतात आणि दाहाचं चक्र फिरू लागतं. ही उकल २००७ची. नंतर २०१४मध्ये दिसलं की बऱ्याच रुग्णांच्या टी-पेशी तर थेट एलएल-३७वरच चालून जातात. त्याच २००७ साली चेहरा लाल करणाऱ्या रोझेशिया या आजाराचंही कोडं काहीसं उलगडलं : त्या लालबुंद गालांत हे पेप्टाइड जास्त असतं आणि वेगळ्या ठिकाणी कापलं गेलेलं असतं. तसे तुकडे उंदरांच्या त्वचेत टोचले, तर तिथेही लाली आली.

म्हणून प्रत्येक लालीवर जंतुनाशक मलम चोळू नका. तिथे जंतू असतीलच असं नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना घरात दिवाळीच्या फराळाला हात लावू देत नसत. टॉवेल वेगळा, ताट वेगळं. त्यांच्या कोपरांवर सोरायसिसचे चट्टे होते. सोरायसिस संसर्गजन्य नाही. शिवण्याने, एका ताटात जेवण्याने, एकाच टॉवेलने तो पसरत नाही. तुमच्या घरात असं कोणी असेल, तर यंदा करंज्या त्यांच्या शेजारी बसून करा.