ताम्हिणी घाट आणि टायरची आतली कड

पाऊस ओसरू लागला की ताम्हिणी घाट खुणावतो. पिरंगुट, पौड मागे पडलं की मुळशीचं पाणी सोबतीला येतं. मग धुकं, धबधबे आणि भाजलेल्या कणसांचा वास! गेल्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई दिवेआगरला निघालो होतो. पुण्याहून साधारण 160 किलोमीटर. गाडी मी चालवत होते.

घाटात एक गोष्ट सारखी खटकत होती. गाडी सरळ जात असतानाही स्टेअरिंग किंचित तिरकं राहायचं. सरळ पट्ट्यावर गाडी भरकटायची आणि ओल्या वळणावर पुढची चाकं क्षणभर ऐकायचीच नाहीत. "रस्ताच तसा आहे गं," हे म्हणाले.

माणगावला चहासाठी थांबलो. शेजारच्या पंक्चरवाल्या काकांना चाक दाखवलं. ते म्हणाले, "ताई, स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवा."

बाहेरून टायर छान दिसत होते. आतल्या कडेचा मात्र पार गोटा झाला होता. डाव्या टायरची तर तार दिसत होती! याच टायरवर लेकीला आणि सासूबाईंना घेऊन मी घाट उतरले होते. चहा घशाखाली जाईना.

"मोठ्या खड्ड्यात आदळली होती का?" काकांनी विचारलं. जूनमध्ये आदळली होती. मी विसरूनही गेले होते.

चाकं फाकली होती

काकांनी स्टेपनी चढवून दिली. पुढे अलाइनमेंटच्या दुकानात कळलं, की पुढची चाकं बाहेरच्या बाजूला फाकली होती. आपली पावलं चालताना आत किंवा बाहेर वळतात ना, तसंच. याला टो म्हणतात. चाक अर्धा अंश तिरकं असलं तरी दर किलोमीटरला सुमारे 9 मीटर आडवं घासलं जातं. म्हणजे पुणे ते दिवेआगर जवळपास 1.4 किलोमीटर नुसतं घासणं!

चाकं बाहेर फाकली की गाडी सरळ रस्त्यावर भरकटते. किंचित आत वळलेली असली की स्थिर चालते, पण जास्त वळली तर टायरची बाहेरची कड झिजते. कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल. चाक वरून आत कललं की वळणावर पकड वाढते, पण आतली कड लवकर जाते. शर्यतीच्या गाडीला ते परवडतं, आपल्याला नाही. म्हणून कंपनीने दिलेल्या आकड्यांतच सेटिंग ठेवावं.

निघण्यापूर्वी एवढं कराच

• टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट तपासा.
• साधारण दर 10,000 किलोमीटरला आणि मोठ्या खड्ड्यात आदळल्यावर अलाइनमेंट करून घ्या. त्याआधी हवा बरोबर भरा.
• कामाआधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा.
• वेगात स्टेअरिंग थरथरत असेल, तर आधी बॅलन्सिंग तपासा.
• नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली की टायर बदला.

पुढचे दोन्ही टायर नवे घेऊन दिवेआगरला पोहोचलो, तेव्हा सूर्य समुद्रात उतरत होता. सासूबाई म्हणाल्या, "उद्या गणपतीला नारळ ठेवू. परतताना एक त्या काकांनाही देऊ."