टेलचं पाणी

तिसरीला आपल्या जिल्ह्याचं पुस्तक असायचं. त्यात पुणे जिल्ह्याचा नकाशा होता आणि बारामती, इंदापूर, दौंड या बाजूला लिहिलेलं होतं, ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’. छाया म्हणजे सावली, एवढंच तेव्हा कळायचं. आमच्याकडे एप्रिलमध्ये बाभळीखाली सोडून कुठेच सावली नसते. त्यामुळे पुस्तक लिहिणारा माणूस इंदापूरला कधी आलेला नाही, अशी माझी खात्री होती.

सह्याद्री ढग अडवतो. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला दीडशे किलोमीटरच्या आत आमच्याकडे पाचशेच्याही खाली येतो. हिमालय हेच काम जास्त कडकपणे करतो. लेहला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटर पडतो. लडाख बघायला जायची माझी इच्छा रील्स बघून झाली होती, हे खरंच आहे, पण हा आकडा वाचल्यावर मला ते सगळे निळे तलाव आणि पांढरे गोम्पा जरा वेगळे दिसायला लागले. इतक्या पावसात माणसं बार्ली आणि वाटाणा पिकवतात? कसा?

२०२४ च्या जूनअखेरीस निघालो. वेळ वाईट होती. उन्हाळ्यात उजनी धरण वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. (बाहेरच्यांना हे ‘वजा’ कळत नाही. उजनीचा मृतसाठाच ६३ टीएमसीच्या आसपास आहे, पूर्ण धरणाच्या निम्म्याहून जास्त. त्यात हात घातला की आकडा शून्याखाली जातो.) अण्णांना तिसरा बोअर घ्यायचा होता आणि त्यासाठी पैसे माझ्याकडून हवे होते. मी म्हणत होतो शेततळं करू, प्लॅस्टिक अंथरू, पाट सुटला की भरून घेऊ. यावर अण्णा एकच वाक्य बोलले, “एकदा गाव घातलंय पाण्यात. आता रान नाही घालायचं.”

आमचं जुनं गाव पळसदेवजवळ, भीमेच्या काठी होतं. धरणाचं काम १९६९ ला सुरू झालं आणि १९८० पर्यंत गाव खाली गेलं. मोबदल्यात आजोबांनी नीरा डाव्या कालव्याच्या एका चारीच्या टोकाला चार एकर घेतले. म्हणजे नदीकाठचा माणूस टेलला आला. टेल म्हणजे कालव्याचं शेवटचं टोक, आमच्या भागात हा मराठी शब्द आहे. वरच्यांचे ऊस भिजून, रात्रीच्या मोटारी चालून जे उरतं ते टेलला येतं. सात नंबरचा फॉर्म भरा, आवर्तनाची वाट बघा, पाटकऱ्याला चहा पाजा आणि आपली पाळी आली की नेमकी आठवडाभर रात्रीची लाईट असते.

निघताना आजी म्हणाली, “तुकोबांची पालखी दारावरनं जाणार आणि तू उलट्या दिशेला चाललायस.” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सोबत हॉस्टेलचा रूममेट होता. आम्ही बारामतीत चार वर्षं एका खोलीत काढली. तोही आमच्याच तालुक्यातला, घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. त्याच्यासाठी ही ट्रिप नव्हती, त्यात थोडी तीर्थयात्रा होती, पण तो शब्द त्याला आवडला नसता.

लेहचे पहिले दोन दिवस डोकं धरून पडून राहण्यात गेले. त्याबद्दल सगळ्यांनी लिहिलेलं आहे. ठिकसे, हेमिस, शे हेही पटापट सांगतो: सुंदर आहेत, गर्दी आहे, ड्रोन आहेत. अल्ची मात्र वेगळं. सिंधूकाठी, जर्दाळूच्या झाडांत लपलेलं, अकराव्या शतकाच्या आसपासचं, बाहेरून एखाद्या जुन्या वाड्याच्या गोठ्याइतकं साधं. आत दोन मजले उंच मातीचे बोधिसत्त्व उभे आहेत आणि अवलोकितेश्वराच्या धोतरावर अख्खं नगर रंगवलंय, मंदिरं, महाल, माणसं. काश्मिरी शैलीचं इतकं बारीक काम, की मोबाईलच्या टॉर्चने बघायची लाज वाटावी. (आणि बघू देतही नाहीत.) मित्र बराच वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “हे आपल्या विहारातले बुद्ध नाहीत रे. एवढे हात, एवढे देव. बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस इथे काय करणार?” पण बाहेर जायला तोच तयार नव्हता. शेवटी एका कोपऱ्यात मांडी घालून बसला. मी जोडे घालून बाहेर थांबलो.

त्या रात्री आम्ही शाम भागातल्या एका गावात होमस्टेला राहिलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढचं संभाषण खासगी होतं.

संध्याकाळी पाच-साडेपाचला बार्लीच्या वाफ्यांच्या कडेने चालत होतो तेव्हा पाण्याचा आवाज वाढला. सकाळी त्याच पाटात बोटभर पाणी होतं. वरच्या हिमनदीवर दुपारी ऊन तापतं, बर्फ वितळतं आणि ते पाणी गावात पोचेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणजे इथल्या पाटालाही लाईटीसारखं टाइमटेबल आहे. रात्री वाहून जाणारं पाणी अडवायला गावाच्या वर एक छोटं तळं असतं, त्याला झिंग म्हणतात. ते रात्री भरतात आणि दिवसा सोडतात.

बांधावर पन्नाशीचा एक माणूस फावडं घेऊन उभा होता. दगड, गवताची ढेपळं आणि एक जुनी गोणी लावून त्याने दार बंद केलं होतं. आमच्याकडे अगदी अशीच दारं धरतात. गोणीही तशीच. मी नकळत म्हणालो, “पाटकरी!” तो छुरपोन होता. लडाखच्या गावांत पाणी वाटणाऱ्याला छुरपोन म्हणतात आणि बऱ्याच गावांत हे काम घरटी आळीपाळीने फिरतं. यंदा याच्या घराची पाळी. मोबदला पूर्वी धान्यात मिळायचा, आता काही ठिकाणी पैशांत.

तो फौजेतून निवृत्त झालेला होता, हिंदी माझ्यापेक्षा बरी. मी त्याला आमची सगळी यंत्रणा समजावली: भाटघर, वीर, कालवा, फाटा, चारी, शाखा कार्यालय, फॉर्म. १८७६-७७ च्या दुष्काळानंतरच्या काळात इंग्रजांनी काढलेला कालवा अजून चालतो, हेही जरा अभिमानाने सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “और जो सबसे नीचे है?”

“वो हम हैं,” मी म्हणालो.

मित्र तोवर गप्प होता. आदल्या दिवशी त्याने कुठेतरी वाचलं होतं, की लडाखमध्ये मोन, बेदा, गारा म्हणून समाज आहेत. कुणी वाजंत्री, कुणी लोहार, आणि बौद्ध गावांतही त्यांना पंगतीत खालची जागा असायची. त्याने सरळ विचारलं, “इस गाँव में मोन घर है? उनका खेत है?” छुरपोनने वर बघितलं. “है,” म्हणाला. “थोड़ा है।” आणि पाण्याकडे वळला.

परत येताना मित्र म्हणाला, “तू सारखा म्हणतोस, चारीचा शेवटचा माणूस आम्ही. आमचं रान चारी संपते तिथून पुढे आहे. तुला माहितीय ना?” मला माहीत होतं. बारा वर्षांत आम्ही त्यावर बोललो नव्हतो इतकंच. मग तोच विषय बदलून जुन्नरबद्दल बोलू लागला. आपल्याच जिल्ह्यातल्या त्या लेण्यांमध्ये पाण्याची टाकी खोदून दिल्याचे शिलालेख आहेत, टाक्याला तिथे ‘पोढी’ म्हटलंय. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंना दान द्यायचं तर लोक मूर्ती नव्हे, टाकी देत होते. “हे बुद्ध मला जास्त जवळचे,” तो म्हणाला.

लेहला एका संध्याकाळी छेवांग नोर्फेल यांच्याबद्दल वाचत बसलो. हे लडाखचे सिव्हिल इंजिनिअर, २०१५ चे पद्मश्री. हिवाळ्यात चालू राहिलेल्या नळाचं पाणी झाडाच्या सावलीत गोठलेलं त्यांना दिसलं आणि त्यावरून १९८० च्या दशकात त्यांनी कृत्रिम हिमनद्या करायला सुरुवात केली. हिवाळ्यात वाया जाणारं पाणी गावाजवळच्या सावलीच्या उतारावर वळवायचं आणि बांध घालून थराथराने गोठवायचं. मूळ हिमनदी उंचावर, ती जूनमध्ये वितळते. पेरणीला पाणी एप्रिल-मेमध्ये लागतं. कृत्रिम हिमनदी खाली असल्यामुळे आधी वितळते. पुढे सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात बर्फाचे उभे स्तूप केले, तेही याच वेळेच्या भांडणावर उपाय म्हणून. मी दिवसभर कोडमध्ये कॅश आणि लेटन्सी बघतो, मला यातली गंमत लगेच कळली. पाणी वाढवलंच नाहीये, फक्त दोन महिने आधी आणलंय. वाढवता येतं कुणाला?

शेवटी त्सो मोरीरीला गेलो. साडेचार हजार मीटरवर कोरझोक गाव, एक छोटा गोम्पा, चांगपा मेंढपाळांचे तंबू. तलाव इतका निळा, की फोटो खोटा वाटतो. पाणी मचूळ आहे, शेतीच्या कामाचं नाही. काठच्या दलदलीत एक पक्षी पिल्लांना घेऊन चालला होता. राखाडी अंग, पांढरं डोकं, डोक्यावर दोन काळे पट्टे.

“अरे, हा आपल्या भिगवणचा!” मित्र ओरडला.

पट्टकादंब. दर हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर येतो. कुंभारगावात नाववाले पर्यटकांना फ्लेमिंगोबरोबर हाही दाखवतात. सात हजार मीटरच्या वरून हिमालय ओलांडताना याची नोंद झालेली आहे. समोरचा पक्षी आमच्याकडेच येणारा होता असं मी म्हणत नाही, यांचे थवे मंगोलियापर्यंत पसरलेले असतात. पण जात तीच. धरण नसतं तर एवढा थवा आमच्या तालुक्यात कशाला उतरला असता? जिथे आमचं गाव होतं, तिथेच तो डिसेंबरात पोहतो आणि काठावरच्या हरभऱ्याचे शेंडे खातो. शेतकरी पत्र्याचे डबे वाजवून हाकलतात. अण्णांना फोटो पाठवला तर रेंज आल्यावर उत्तर आलं, “चोर तिकडचाच आहे होय.”

घरी पोचलो तेव्हा पालखी सराटीपर्यंत गेली होती. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, ऑगस्टात उजनी भरलं, बोअरची गाडी चिखलात रानात जाईना म्हणून विषय लांबला. दिवाळीनंतर अण्णांनी पाणाड्या आणला. त्याने तळहातावर नारळ ठेवून सगळं रान फिरून उत्तरेच्या बांधाजवळ जागा दाखवली. मी पैसे दिले. शेततळ्याचं पुन्हा बोललो नाही. पाचशे वीस फुटांवर अडीच इंची पाणी लागलं. आजीने पेढे वाटले.

फेब्रुवारीत शेजारचे बापू आले. त्यांचा बोअर आमच्या बांधापासून दीडशे फुटांवर. “आमचा आता दोन तासांत धापा टाकतोय,” म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती, हवापाण्याचं बोलावं तसं. अण्णांनी चहा ठेवायला सांगितला. दोघं बराच वेळ कांद्याच्या भावावर बोलले. मग उठून मोटारीपाशी गेले.

आता आमच्या स्टार्टरच्या पेटीवर खडूने वार लिहिलेले आहेत. सोम, बुध, शुक्र आम्ही. मंगळ, गुरू, शनी बापू. रविवारपुढे काहीच लिहिलेलं नाही.