अंदमानात राहायचं कुठं? आधी पाणी विचारा

थोडं लांबलंय. पण ज्यांना अंदमानला जायचंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे आठ जण अंदमानला जाऊन आलो. तेव्हापासून गावातले आणि पाहुण्यांतले मिळून पंधरा-वीस जणांनी तरी एकच विचारलंय : राहायचं कुठं? पोर्ट ब्लेअरला किती दिवस, हॅवलॉकला किती, नील करावं का सोडावं, बाराटांगला जावं का? प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आमचं पेडगाव परभणी तालुक्यातलं. मनमाड-परभणी लाईनीवरचं छोटं स्टेशन, पॅसेंजर थांबणारं. आमच्याकडं मुलीची सोयरीक करताना जुनी माणसं आधी त्या गावचं पाणी बघायची. जमीन किती, पोरगा काय करतो, हे सगळं नंतर. लेकीला उन्हाळ्यात कोसभर लांबून हंडा आणावा लागणार असेल तर बाकीचं ऐश्वर्य काय जाळायचंय? आमचे आबा आता पंचाहत्तरीला आलेत, पण ही सवय काही गेलेली नाही. एजंटचा पहिला प्लॅन मोबाईलवर आला तेव्हा लेकरं स्विमिंग पूलचे फोटो बघत होती, बायको समुद्राचे. आबा म्हणाले, "आरं, तिथं पाणी कुठून येतंय ते इचार आधी."

मी फोन लावून विचारलं. एजंट म्हणाला, "काकांना सांगा, रूममध्ये रोज दोन बाटल्या फ्री आहेत."

आबांना बाटल्यांचं पडलं नव्हतं. त्या पूलचं, आठ जणांच्या अंघोळीचं, चादरी धुण्याचं पाणी कुठून येतं, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर शेवटपर्यंत मिळालं नाही. मग मीच शोधाशोध केली आणि आमचा सगळा प्लॅन त्यावर बदलला.

आधी नावांचा घोळ मिटवतो, कारण बुकिंग करताना लोक गोंधळतात. हॅवलॉकचं नाव डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरचं सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिथले लोक बोलताना अजून जुनीच नावं घेतात, म्हणून मीही तीच लिहितो.

आता मुद्द्याचं. अंदमानात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या परभणीत आठ-नऊशे. म्हणजे आपल्या तिपटीहून जास्त. तरी पोर्ट ब्लेअरला उन्हाळ्यात नळाला रोज पाणी येत नाही, दिवसाआड किंवा त्याहून लांबणीवर जातं. कारण साधं आहे. बेटं अरुंद, उतार तीव्र, ओढे लहान. पडलेलं पाणी तासा-दोन तासात समुद्राला मिळतं. शहराची मुख्य भिस्त धनिखारीच्या एका धरणावर. पाऊस मे ते डिसेंबर, आणि जानेवारी ते एप्रिल कोरडे.

आता पर्यटनाचा हंगाम आठवा. समुद्र शांत, आकाश निळं, फोटो भारी, असा काळ म्हणजे जानेवारी ते एप्रिल. म्हणजे बेटावर पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हाच पाहुणे सगळ्यात जास्त असतात. आपण मराठवाड्यातल्या माणसांनी हे एका वाक्यात समजून घ्यायला पाहिजे. आपल्याकडंही लग्नसराई एप्रिल-मेमध्येच येते, आणि मांडवाआधी टँकरचा हिशोब करावा लागतो. फरक एवढाच की इथं टँकरचे पैसे यजमान देतो. तिथं पाहुणा खोलीचे पैसे देऊन निघून जातो, आणि शेजारच्या घरातली बाई नळाची वाट बघत बसते.

म्हणून पहिला सल्ला : जमत असेल तर दिवाळीत जा. सरी येतात, एखादी बोट रद्द होऊ शकते, पण विहिरी भरलेल्या असतात. मे महिना सगळ्यात वाईट. साठे तळाला गेलेले, समुद्र खवळायला लागलेला, आणि शाळांना सुट्टी म्हणून गर्दी.

आता राहायचं कुठं ते एकेक सांगतो.

पोर्ट ब्लेअर. बरेच प्लॅन इथं एकच रात्र देतात, विमानातून उतरलं की पडायला. आम्ही तीन रात्री राहिलो, आणि मुद्दाम अबर्डीन बाजाराजवळ. तिथून सेल्युलर जेल चालत जाता येतं. बीचजवळचं हॉटेल दाखवतात ते टाळलं, कारण आबांसाठी जेल हाच अंदमान होता. काळं पाणी हा शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकलेला. १८९६ ला बांधायला घेतलेलं आणि १९०६ ला पुरं झालेलं हे जेल, सात पाख्यांचं होतं, आता तीनच उरलेत. सावरकर ४ जुलै १९११ ला इथं आले. मराठी माणसं त्यांच्या कोठडीपुढं फोटो काढून अर्ध्या तासात बाहेर पडतात, कारण खाली गाडी थांबलेली असते. जवळ राहिल्यामुळं आम्ही सकाळी एकदा गेलो आणि संध्याकाळी ध्वनि-प्रकाशाच्या कार्यक्रमाला पुन्हा. सकाळी आबा कैद्यांच्या नावांच्या पाट्यांपुढं बराच वेळ उभे होते. बंगालची नावं संपता संपत नाहीत. "एवढे बंगाली व्हते? आपल्याला तर एकच नाव शिकवलं," एवढंच म्हणाले. म्हातारं माणूस बरोबर असेल तर पोर्ट ब्लेअरला रात्री वाढवा आणि जेलजवळ राहा. पाणी जपून वापरा, कारण शहरातल्या लोकांचा आणि तुमचा साठा एकच आहे.

हॅवलॉक. बोटीनं दीड ते अडीच तास. धक्क्याजवळ आणि गोविंदनगरला म्हणजे तीन नंबरला बाजार, स्वस्त खोल्या, खाणावळी. विजयनगर, म्हणजे पाच नंबर, पूर्वेच्या बाजूला, बरेचसे रिसॉर्ट तिथं. ओहोटीला पाणी लांब आत जातं, त्यामुळं पोहायचं म्हणून खोली घेतली असेल तर दिवसातले काही तास नुसते खडक दिसतील. सगळ्यात नावाजलेला किनारा राधानगर, सात नंबर, पश्चिमेला. तिथं राहणं महाग, आणि राहायची गरजही नाही, सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. लेकरांना पाण्याखाली मासे बघायचे असतील तर इथं एक-दोन रात्री पुरेत.

नील. हे आम्हाला सगळ्यात आवडलं. सायकलवर फिरून होईल एवढं बेट. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारनं हॅवलॉक-नीलवर वसवलं, त्यांचीच पुढची पिढी इथं भातशेती करते, भाजीपाला पिकवते. गावांची नावं रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. आबांना ही नावं ऐकूनच बरं वाटलं. ते माळकरी, मासळीच्या वासाला जरा बिचकून होते, पण इथं ताजी भाजी दारात मिळाली. आईनं ज्वारीचं पीठ नेलं होतंच.

आम्ही रिसॉर्ट सोडून एका शेतकऱ्याच्या घरातल्या तीन खोल्या घेतल्या. पहिल्याच दिवशी घरच्या बाईला आबांचा प्रश्न विचारला. ती हसली नाही, बाटल्याही दाखवल्या नाहीत. हाताला धरून मागच्या अंगणात नेलं. पत्र्याच्या छपराला पन्हाळी, पन्हाळीला पाईप, खाली झाकलेली टाकी, बाजूला विहीर. हिंदीत म्हणाली, "अभी भरा है, आराम से नहाओ. मार्च में आओगे तो एक बाल्टी मिलेगा." आबा खूश. जिथं यजमान बादलीचा हिशोब तोंडावर सांगतो, तिथं पाहुण्यानं निर्धास्त राहावं. शिवाय आमचे पैसे सरळ त्या घरात गेले, भाजीचे त्यांच्या शेतात. रिसॉर्टला दिलेले किती पैसे बेटावर राहतात, हा हिशोब मला कुणी करून दाखवलेला नाही.

एक गोष्ट चारही ठिकाणी लागू. अंदमान आपल्या खूप पूर्वेला आहे पण घड्याळ आपलंच. परभणीपेक्षा तासभर आधी सूर्य उगवतो आणि तासभर आधी बुडतो. दिवाळीत पाचच्या सुमाराला अंधार पडायला लागतो. तेव्हा जिथं संध्याकाळी चालत फिरता येईल तिथं राहा. आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच ठेवा. बोट रद्द झाली तर विमान थांबत नाही.

आता बाराटांग. इथं मात्र मी स्पष्टच लिहिणार आहे.

आमच्या प्लॅनमध्ये एक दिवस बाराटांगचा होता. चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी. मध्यरात्रीनंतर उठायचं, जिरकाटांगच्या चौकीवर रांग लावायची, मग पोलिसांच्या बंदोबस्तात गाड्यांचा ताफा सुटतो. कारण रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जारवा म्हणजे तिथले हजारो वर्षांचे रहिवासी, उरलेत काहीशेच. बाहेरच्या माणसांशी त्यांचा संबंध १९९७-९८ नंतरच वाढला, आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. सुप्रीम कोर्टानं मे २००२ मध्ये या जंगलातला रस्ता बंद करायला सांगितलं होतं. रस्ता आजही चालू आहे. २०१२ मध्ये जारवा बायकांना खाण्याच्या वस्तूंसाठी नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगानं पाहिला. आता फोटोला, थांबायला सक्त मनाई आहे. तरी आमचा एजंट फोनवर म्हणालाच, "नशीब असेल तर दिसतील, साहेब."

फोन स्पीकरवर होता. आई शेंगा निवडत होती. तिनं विचारलं, "माणसं हायत का वाघ?"

तो दिवस आम्ही काढून टाकला आणि नीलला एक रात्र वाढवली. मायाबंदर, दिगलीपूरच्या लोकांना दवाखान्याला, कामाला यायचं तर त्या रस्त्याची गरज पडते, त्यांची गोष्ट वेगळी. आपली हौस ही गरज होत नाही. गुहा बघायच्याच असतील तर आपल्या अजिंठा-वेरूळला काय कमी आहेत?

कुणी म्हणेल, मग लक्षद्वीपला जा. जानेवारी २०२४ नंतर आमच्या ग्रुपवरही सगळे तेच म्हणत होते. तिथं तर पाण्याचा प्रश्न अजून नाजूक. दहा वस्तीची बेटं, सगळी मिळून जमीन बत्तीस चौरस किलोमीटर, एकही नदी नाही. वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर, जास्त उपसला की खारं वर येतं. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प झाला तो दिवसाला एक लाख लिटरचा. तिथं परवाना लागतो, येणाऱ्यांवर मर्यादा असते, ते बरोबरच आहे.

हे सगळं मी का लिहितोय? पाण्यात कुणाचा नंबर पहिला, हा प्रश्न आपण भोगलेला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाला दारूच्या कारखान्यांचं पाणी कमी करा असं सांगावं लागलं. तेव्हा आपण सगळे म्हणत होतो, आधी माणसांना प्यायला द्या. तोच माणूस चार दिवस सुट्टीवर गेला की पूलवाली खोली मागतो, दिवसातून दोनदा शॉवर घेतो, रोज धुतलेली चादर मागतो. सुट्टीत सवलत घ्यावी, त्याला ना नाही. पण कुणाच्या हंड्यातून, ते माहीत असावं.

बुकिंगच्या साईटवर नाश्ता आहे का, वायफाय आहे का, समुद्र दिसतो का, सगळं लिहिलेलं असतं. पाणी कुठलं, हे कुठंही नसतं. ते लिहिणं सक्तीचं व्हायला पाहिजे. आणि बेटावर खोल्या किती असाव्यात हे मार्चच्या पाण्यावर ठरावं, डिसेंबरच्या नाही. प्रशासन करील तेव्हा करील. तोवर विचारणं आपल्या हातात आहे. दहा जणांनी विचारलं तर एजंट हसेल. हजार जणांनी विचारलं तर हॉटेलवाला छपराला पन्हाळी लावेल.

तर आमचा हिशोब असा : पोर्ट ब्लेअर तीन रात्री, त्यातली एक शेवटची, अबर्डीन बाजाराजवळ. नील दोन, घरगुती. हॅवलॉक एक. बाराटांग नाही. परभणीहून रात्रीच्या गाडीनं हैदराबाद, तिथून विमान.

खोली पक्की करायच्या आधी मालकाला फोन लावा आणि सरळ विचारा, उन्हाळ्यात तुमच्याकडं पाणी कुठून येतं? ज्याला उत्तर देता येईल त्याच्याकडं राहा.

— पेडगाव, ता. जि. परभणी