पगार, पेढी आणि लक्ष्मीबाईंचे सोने

लक्ष्मीपुरीतील एका भुसार पेढीवर गेल्या दिवाळीत पाडव्याचे वहीपूजन नेहमीप्रमाणे झाले. आदल्या पहाटे मंदिरात निर्वाणलाडू चढवून झाला होता. नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढून नवा वीर निर्वाण संवत लिहिला गेला होता आणि एक्क्याऐंशी वर्षांचे आप्पा लोडाला टेकून गादीवर बसले होते. फरक एवढाच, की वहीशेजारी हळदकुंकू लावलेला आणखी एक कागद होता. नातवाला पुण्याच्या एका संगणक कंपनीकडून आलेले ते नेमणूकपत्र. सुनेने ते मोठ्या हौसेने तिथे ठेवले होते. आप्पांनी चष्मा वर करून ते वाचले, पगाराचा आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, “यापुढे पूजा कशाची करायची ते एकदा ठरवून टाका.”

कोणी उत्तर दिले नाही. पेढे वाटले गेले.

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी, हा क्रम आप्पांच्या पिढीने ऐकला आणि खरा मानला. दुसऱ्याच्या गादीपुढे उभे राहून महिन्याची वाट पाहणे त्यांना कमीपणाचे वाटे. आज तो क्रम उलटा झाला आहे, आणि तो कोणा विचारवंताने उलटा केलेला नाही, वधू-वर मेळाव्यांनी केला आहे. परिचयपत्रिकेत ‘स्वतःचा व्यवसाय’ असे लिहिलेल्या मुलाचे पान मुलीकडील मंडळी झटकन उलटतात. “दुकान सांभाळतो म्हटले, की पाहुणे कपातला चहासुद्धा संपवत नाहीत,” असे या पेढीवरच्या सूनबाई म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. ज्या घरांतून ही स्थळे नाकारली जातात, त्या घरांचीही बहुधा दुकानेच असतात. आपल्या मुलीला मात्र पगारदार जावई हवा असतो. मग पोराने पुण्याचे पत्र नाकारावे, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

दिवाळीनंतरच्या रविवारी सगळे कुटुंब गाडीने बाहुबलीला दर्शनाला निघाले. हातकणंगल्यावरून जाताना कुंभोजची पाटी दिसली आणि आप्पांना हवा तो दाखला सापडला. “कर्मवीर याच गावात जन्मले. पगारावर लाथ मारली म्हणून कर्मवीर झाले. खुर्चीला चिकटले असते तर कोणी नाव घेतले असते का?”

गाडीत मागे आत्या बसल्या होत्या. त्यांची सारी नोकरी रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत झाली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, “आप्पा, लाथ मारली हे खरे नाही. आणि जे सोडले ते एकट्याचे नव्हते.”

कर्मवीर भाऊराव पाटलांची कथा समाजाच्या प्रत्येक व्यासपीठावर सांगितली जाते, पण त्यांच्या चरितार्थाचा हिशेब क्वचितच मांडला जातो. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला आजोळी त्यांचा जन्म झाला. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून, म्हणजे त्या काळची सर्वांत भरवशाची मिळकत घरात होती. मुलगा कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये आणि समाजाच्या जैन बोर्डिंगमध्ये आला. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला तो गेला, परत आल्यावर स्नान करून शुद्ध व्हायला नकार दिला आणि बोर्डिंगमधून बाहेर पडला. त्याला बाहेर काढणारे बोर्डिंगचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे. शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही.

आजच्या भाषेत सांगायचे तर पदवी नाही आणि शिफारस करील अशी संस्थाही पाठीशी नाही. तरी एक दार उघडे होते. शाहू महाराजांचा लोभ या मुलावर होता, आणि कोल्हापुरात दरबारच्या आश्रयाहून स्थिर असे दुसरे काही नव्हते. १९१४ च्या डांबर प्रकरणात तेही दार बंद झाले. राजदंपतीच्या पुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्यांनी आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले त्यांच्याविरुद्ध खोटे बोलायला या तरुणाने नकार दिला आणि तुरुंग सोसला. लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. साक्ष नाकारणाऱ्याची तेव्हाची प्राप्ती काय होती, हे मात्र विचारले जात नाही.

प्राप्ती होती ती अशी. साताऱ्यात त्यांनी खासगी शिकवण्या केल्या आणि गावात ‘पाटील मास्तर’ म्हणून नाव झाले. विम्याची एजन्सी केली. ओगलेवाडीच्या काचकारखान्याचा माल विकला. त्यानंतर किर्लोस्करवाडीचे लोखंडी नांगर विकण्याचे काम मिळाले आणि तिथे त्यांचा खरा जम बसला. नांगर विकणे म्हणजे हाती छापील पत्रक देणे नव्हे. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पहिले नांगर त्यापायी दीर्घकाळ पडून राहिले होते. अशा मालाचा विक्रेता गावोगाव जातो, बांधावर बसतो, पाटलाशी बोलतो, महाराशी बोलतो, कर्ज किती, पोरे किती, शाळा कुठे हे ऐकतो, आणि मग कुठे एक नांगर विकला जातो. हिंडणे, माणसे जोडणे आणि नकार पचवणे हे व्यापारी घरांतील वाचकांना वेगळे सांगायला नको. पुढे संस्थेसाठी धान्याची पायली आणि पैशाची पावती घेऊन हाच माणूस त्याच गावांतून फिरला, तेव्हा दारे उघडली ती नांगराच्या फेऱ्यांमुळेच.

रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले गावी झाली. त्या वेळी भाऊराव बत्तीस वर्षांचे होते आणि त्यांचे घर अजून विक्रीच्या व्यवसायावरच चालत होते. पुढे साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांच्या नांगराच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. ती भागीदारी टिकली नाही. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली, वसतिगृह सुरू झाले आणि मग मात्र मिळकतीचा धागा तुटला. म्हणजे ध्येय आणि उत्पन्न कैक वर्षे शेजारी शेजारी चालले. एका सकाळी राजीनामा देऊन संध्याकाळी संस्था काढली, ही गोष्ट व्यासपीठावर शोभते, पण वहीत बसत नाही.

आता आत्यांच्या दुसऱ्या वाक्याकडे.

लक्ष्मीबाई कुंभोजच्याच संपन्न पाटील घराण्यातल्या. माहेरच्या आदाक्का. सोन्याने मढून आलेल्या. सासरचे सोवळे-ओवळे त्यांनीही पाळलेले, आणि जातीजातींची पोरे एका पंगतीला जेवू घालणे त्यांना सहज जमले असेल असे मानण्याचे कारण नाही. पण जमवले. वसतिगृहात धान्य संपले, की एकेक दागिना बाजारात गेला. अखेर पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही विकले गेले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले, तेव्हा त्या हयात होत्या. १९३० मध्ये त्या गेल्या. साताऱ्यातील सयाजीराव हायस्कूल १९४० चे, शिवाजी कॉलेज १९४७ चे, पद्मभूषण १९५९ चे. यांपैकी त्यांनी काहीच पाहिले नाही.

व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर चित्र स्वच्छ आहे. भाऊरावांनी स्थिर मिळकत सोडली, पण मिळकतीची गरज सुटली नव्हती. ती जागा भांडवलाने भरून काढली, आणि ते भांडवल स्त्रीधन होते. त्या सोन्याची पावती कोणी फाडली नाही. पतीच्या मोठेपणाला यात कुठे उणेपणा येतो असे नाही. पण ‘पगार सोडण्याचे धैर्य’ असे एकाच्या नावावर लिहिणे ही चुकीची खतावणी आहे, एवढे तरी मान्य करायला हवे.

पगार धरून ठेवणाऱ्यांचेही उदाहरण कोल्हापुरातच आहे, हे आप्पांच्या लक्षात आणून देणे आवश्यक होते. सदलग्याचे आदिनाथ उपाध्ये १९३० साली राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे प्राध्यापक झाले आणि १९६२ पर्यंत तिथेच राहिले. बत्तीस वर्षे एकच नोकरी, एकच गाव. त्या खुर्चीवर बसून त्यांनी कुंदकुंदाचार्यांचे ‘प्रवचनसार’ १९३५ मध्ये संपादित केले आणि उद्द्योतनसूरींची ‘कुवलयमाला’ सिद्ध केली. आठव्या शतकातील या प्राकृत कथेत बाजारात जमलेल्या देशोदेशीच्या व्यापाऱ्यांचे बोलणे नोंदलेले आहे आणि त्यांत मरहट्ट व्यापारीही आहेत. दर महिन्याला पगार येत नसता तर ताडपत्रांपुढे इतकी वर्षे बसणे त्यांना परवडले नसते. चिकटलेल्या खुर्चीचेही नाव राहते.

आपल्या आचारधर्माने उपजीविकेचा प्रश्न कधी टाळलेला नाही. श्रावकाने कोणते धंदे करू नयेत याची पंधरा कर्मादानांची यादीच आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाचे पस्तीस गुण सांगताना पहिला मान न्यायाने मिळवलेल्या संपत्तीला दिला, आणि मिळकतीच्या मानाने खर्च हाही त्यांतच आहे. परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत तर सरळ विचारते, की किती पुरे? नेमणूकपत्रावरचा आकडा घरात सर्वांनी वाचला होता. किती पुरे, हे मात्र नातवालाही कोणी विचारले नव्हते आणि पेढीलाही नाही. पुण्यातील घराचे हप्ते सुरू झाले, की पगाराची मोठी रक्कम परक्या वहीत जाते. पेढीवर उधारी अडकली, की नफा कागदावरच राहतो. स्थैर्य दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे ते वाटते त्याहून पातळ आहे.

बाहुबलीच्या मूर्तीपुढे फारसे कोणी बोलले नाही. परतीच्या वाटेवर नातवाने सांगितले, की तो पुण्याला जाणार. पेढीचा कंटाळा म्हणून नव्हे. शिकलेले काम करून पाहायचे आहे, आणि आप्पांच्या औषधोपचाराला रोख पैसा लागतो हेही त्याला दिसत होते. वडील म्हणाले, “जा. पेढीचे मी बघतो.” वडिलांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया पुढच्याच महिन्यात ठरलेली होती.

तेव्हा आत्यांनी विचारले, “मी बघतो म्हणजे कोण बघते?”

गाडीत तिसऱ्या आसनावर खिडकीशी नातवाची मोठी बहीण बसली होती. वाणिज्य शाखेची पदवीधर, वय सत्तावीस. तीन वर्षे पेढीची जमाखर्चाची वही, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचा कॅश क्रेडिटचा हिशेब आणि अडत्यांचे फोन तिच्याकडे होते. मुलगी लग्न होऊन जाणार, तोवर हातभार लावते, असे घर समजत आले होते. तिच्यासाठी आलेल्या दोन स्थळांना पगारदार मुलगा हवा तसा मिळाला नाही म्हणून घरानेच नकार दिला होता. पाडव्याच्या वहीवरचा ‘श्री’ आप्पांच्या हाताला कंप असल्याने यंदा तिनेच काढला होता, आणि तेही कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

आप्पांनी मान वळवली. “तू काय म्हणतेस, ताई?”

ती लगेच बोलली नाही. रूकडीचे फाटक बंद होते. मालगाडी जाईपर्यंत गाडी उभी राहिली.

“दादा जातोय त्याला माझी ना नाही,” ती म्हणाली. “पेढी मी चालवीन. मला आवडते ते काम. पण हातभार म्हणून नाही. भागीदारीच्या कागदावर माझे नाव घाला, आणि महिन्याला उचल किती ती आजच लिहून ठरवा. लग्न झाले तरी हिस्सा राहील, हेही त्यात लिहा. उद्या बँकेच्या कागदावर आईचे दागिने तारण ठेवायची वेळ आली, तर आईचीही सही आणि आईचेही नाव पाहिजे.”

वडील काही म्हणू लागले, पण फाटक उघडले आणि मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. आप्पा बराच वेळ समोर पाहत राहिले.

मंगळवारी दुपारी पेढीवर कर सल्लागार आले. जुना भागीदारी करार कपाटातून निघाला. त्याच्या घड्या फाटल्या होत्या. आप्पांनी तो उलगडून गादीवर ठेवला, कोपऱ्यांवर दोन वजने ठेवली आणि नातीला म्हणाले, “तू वाच. मला अक्षर दिसत नाही.”