उभे चाक

साखर कारखान्यांचे गळीत आटोपले, ऊसतोडणीच्या टोळ्या आपापल्या मुलखाला परतल्या आणि हंगामातील शेवटची खेप काट्यावर घालून आलेला ट्रेलर मालकाने परड्यातील बाभळीखाली नेऊन सोडला, की त्या दिवसापासून थेट नवरात्रापर्यंत त्याच्या चाकांची आठवण कोणालाही होत नाही. फाळक्यांवर गोवऱ्या वाळतात, मृगाच्या सरींनी टायरांभोवती गुडघाभर गवत माजते, आणि मालक समाधानाने म्हणतो, की हंगामभर राबली, आता गाडी विसावा घेते आहे. निपाणीजवळ, पुणे-बंगळूर हमरस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, ट्रॅक्टर-ट्रेलर दुरुस्तीचे काम मी गेली तीस वर्षे करीत आलो आहे, आणि एवढ्या काळात माझे एखादे मत अगदी ठाम झाले असेल तर ते हेच, की चाकाला विसावा मानवत नाही. चाक फिरताना झिजते हे सर्वांस ठाऊक आहे. ते उभे राहूनही मरते, हे मात्र त्याचा तुंबा उघडून पाहणाऱ्यासच कळते.

आमच्या घरची तंबाखू बैलगाडीतून निपाणीच्या वखारीत जात असे, त्या काळी असल्या अज्ञानाला वावच नव्हता. लोखंडी आखावर लाकडी तुंबा फिरे. तेलात काजळी खलून केलेल्या वंगणाचे नळकांडे गाडीखालीच टांगलेले असे. आणि चाक कुरकुरू लागले की आजोबा भर रस्त्यात गाडी थांबवून ते घालीत. पुढे टायरगाडी आली, तिच्यामागून ट्रेलर आला, आणि घर्षण लोखंडी टोपीआड दडले. हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनविणाऱ्या अमेरिकन कारखानदाराने १८९८ साली निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचे पेटंट मिळविले, तेही गाडीच्या चाकासाठीच. भरलेली गाडी वळण घेताना चाकाला बाजूने जो रेटा बसतो तो साध्या रुळांना सोसत नाही, निमुळत्यांना सोसतो. त्याच तत्त्वावरची बेअरिंगे आमच्या प्रत्येक तुंब्यात दोन असतात, आतले मोठे आणि बाहेरचे लहान. आखावर चढते ती रुळांसकटची कडी म्हणजे कोन, तुंब्यात ठोकून बसविलेली कडी म्हणजे कप. चार चाकांच्या एका ट्रेलरला अशी आठ बेअरिंगे, आणि एका ट्रॅक्टरमागे ट्रेलर बहुधा दोन. या सोळा बेअरिंगांच्या भरवशावर वीस टनांच्या आसपास ऊस रात्री-अपरात्री आमच्या रस्त्यांवरून धावत असतो.

उभ्या चाकात काय घडते, ते पाहण्यासारखे आहे. ग्रीस हे नुसते दाट तेल नव्हे; साबणाच्या सूक्ष्म तंतूंनी धरून ठेवलेले ते तेल होय. चाक फिरते आहे तोवर त्याचा लेप रुळांवर सारखा चढत राहतो. गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली, की तेल साबणाची साथ सोडून तळाशी उतरू लागते, वरचे रूळ कोरडे पडतात, आणि सीलच्या झिजलेल्या ओठातून शिरलेली श्रावणातील दमट हवा रात्रीच्या गारठ्यात तेथेच दव होऊन बसते. रूळ कपाला जेथे टेकलेला असतो, त्या चिंचोळ्या सांदीत हे पाणी धरून राहते आणि तेथेच गंज धरतो. म्हणून असा कप पुसून उजेडात धरला, तर रुळांमधील अंतराइतक्याच अंतरावर उमटलेल्या करड्या-काळ्या रेघा दिसतात. गाडी हलली नाही याचा तो दाखला. त्याची रुजवात घालण्यास दुसरा साक्षीदार लागत नाही.

वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या गाड्यांचे दुखणे याहून निराळे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर माझ्याकडे आलेल्या कित्येक तुंब्यांतून ग्रीसऐवजी ताकासारखे पांढुरके पाणी निघाले. परंतु पुराची गोष्ट सोडा, तो काही रोज येत नाही. रोजचा अपराध आहे तो वेगळाच. लांबची खेप टाकून आलेला ट्रेलर, बैल धुवावा तितक्याच मायेने, आमचे लोक थेट नदीच्या पाण्यात घालतात. तापलेल्या तुंब्यातील हवा गार पाण्याने एकाएकी आकुंचन पावते आणि रिकामी झालेली जागा भरून काढण्यासाठी सीलच्या ओठातून पाणीच आत ओढून घेते. परदेशात ट्रेलरवर होडी लादून ती किनाऱ्यावर नेणारे लोक पाण्यात उतरण्यापूर्वी तुंबे निवू देतात, ते याच कारणाने. आमच्याकडे ट्रेलरवर होडी चढत नाही, पण पाण्याचा आणि पोलादाचा कायदा कृष्णेच्या खोऱ्यात काही बदलत नाही. अर्धा तास सावलीत थांबा, मग धुवा, एवढेच मी सांगत असतो.

भाद्रपद सरत आला, की माझ्या शेडसमोर ट्रेलरांची रांग लागते. जॅक लावून, आखाखाली लाकडी ठोकळा सारून, टोपी काढली, स्प्लिट पिन सरळ करून ओढली, किल्ल्याच्या तटासारख्या खाचांचा कॅसल नट आणि वॉशर उतरविला, की बाहेरचे बेअरिंग आपसूक तळहातावर येते. येथे माझे वस्ताद नवशिक्याला चिंधीस हात लावू देत नसत. ते कानडीतच म्हणत, ‘मोदलु नोडु, आमेले ओरसु’. आधी बघ, मग पूस. सीमेवरच्या आमच्या मुलखात विद्या कोणत्या भाषेतून येईल याचा नेम नसतो, आणि मला तर ती याच दोन शब्दांच्या जोडीने आली असे मी मानतो. दुधाळ ग्रीस म्हणजे पाणी शिरले. काळे, जळका दर्प असलेले ग्रीस म्हणजे चाक तापले. आणि बोटांवर चोळताना चांदीसारखी बारीक चमक दिसली, तर पोलादाचे कण सुटू लागले. पुसले की हा सारा मजकूर गेला.

मग रॉकेलमध्ये धुणे, आणि कोरड्या, सूत न सुटणाऱ्या फडक्याने टिपणे. कंप्रेसरच्या हवेने बेअरिंग गरागरा फिरवून वाळविण्याचा पोरांना मोठा सोस असतो, कारण त्यातून भोंग्यासारखा स्वर निघतो. परंतु तेलाविना त्या वेगात रुळांना धरून ठेवणारी जाळी तुटून रूळ गोळीसारखा उडू शकतो, म्हणून माझ्या शेडमध्ये त्याला सक्त मनाई आहे. शेवटची परीक्षा नखाची. कपाच्या वाटेवरून नख आडवे फिरवावे. ते कोठे अडखळले, तर कप आणि कोन दोन्ही बाद. एकटा कप बदलण्याची काटकसर फुकट जाते, कारण जुन्या कोनाचे रूळ जुन्या वाटेशी जुळून झिजलेले असतात.

एका वर्षी नख अडखळले आणि मी ते मनावर घेतले नाही. हंगाम दोन दिवसांवर आला होता, बेळगावहून बेअरिंग आणवायचे तर एक खेप बुडत होती, आणि मालक अजीजीने म्हणाला, ‘मिस्त्री, एवढ्या रेघंनं काय होतंय ओ? एवढा हंगाम जाऊ दे की.’ मी ग्रीस भरून तुंबा बंद केला. पाचव्या आठवड्यात कालव्याच्या रस्त्यावर ते चाक निखळले, ट्रेलर कलंडला, आणि उसाच्या मोळ्यांखाली सापडून तोडणीच्या टोळीतील एका तरुणाचा पाय मोडला. मी जाऊन पाहिले, तेव्हा कोन आखाला वितळून चिकटला होता आणि रुळांचे नावही उरले नव्हते. मालकाने मला शब्दाने दुखविले नाही. जबाबदारी आपलीच, असे तो चारचौघांत म्हणाला. पण ती रेघ त्याच्या नखाला लागली नव्हती, माझ्या नखाला लागली होती. त्या वर्षापासून बाद ठरविलेल्या बेअरिंगची जाळी मी मालकादेखत हातोड्याने चेपतो आणि मगच ते त्याच्या स्वाधीन करतो.

नवा कप बसविताना ठोके चहूबाजूंनी सारखे द्यावे लागतात. आधी आवाज पोकळ येतो, कप तळाला टेकला की भरीव येतो, आणि हा फरक कानानेच ओळखायचा. ग्रीसच्या बाबतीत मी हट्टी आहे. पूर्वीचे चुन्याच्या साबणाचे पिवळे ग्रीस पाण्याला दाद देत नसे, पण शंभर अंशांच्या आतबाहेर पातळ होऊन वाहून जाई. १९४२ साली अमेरिकेत पेटंट झालेल्या लिथियमच्या ग्रीसने ही उणीव भरून काढली. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये, दोन्ही बिघडतात. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घेऊन त्यात कोनाची रुंद कड दाबत जावे, सोऱ्यातून शेव उतरावी तसे ग्रीस रुळांच्या फटींतून पलीकडे उतरेपर्यंत. बंदूक मारून हे काम होत नाही. तुंबा भरल्यासारखा दिसतो, रूळ उपाशी राहतात. नट कसताना चाक हाताने फिरवीत राहावे, म्हणजे रूळ आपली जागा घेतात. मग नट सैल करून बोटांच्या जोराने पुन्हा टेकवावा आणि जवळच्या खाचेत नवी पिन घालावी. घट्ट आवळलेले चाक भक्कम वाटते, आणि तेच पहिल्या दहा किलोमीटरांत जळते.

पहिली भरलेली खेप तवंदी घाट उतरून आली, की ड्रायव्हरने खाली थांबून चारही तुंब्यांवर तळहात ठेवावा, असा माझ्याकडचा शिरस्ता आहे. आमच्या ट्रेलरांना बहुधा ब्रेक नसतात. म्हणून तुंबा हात ठेववत नाही इतका तापला, तर ती उष्णता बेअरिंगचीच.

खरी सर्व्हिसिंग गळीत संपताच, गाडी उभी करण्यापूर्वी करावी, हे मी वर्षानुवर्षे सांगतो आणि ऐकणारे थोडेच भेटतात. त्यांत वेदगंगेकाठच्या एक आजी आहेत. मुलगा परगावी असतो. ट्रेलरचा कारभार त्याच पाहतात. चैत्रात नवे ग्रीस भरून घेतात, आख लाकडी ठोकळ्यांवर चढवितात, आणि दर अमावास्येला नातवाकडून चारही चाके फिरवून घेतात. चाक पुन्हा जुन्याच जागी थांबू नये म्हणून टायरवर खडूची खूण करून ठेवण्याची युक्ती त्यांची स्वतःची. मी ती शिकविलेली नाही. गेल्या घटस्थापनेच्या आधी त्यांचा ट्रेलर माझ्याकडे आला, तेव्हा प्रत्येक टायरवर सहा खुणा होत्या, पावसाने पुसट झालेल्या पण मोजता येण्याजोग्या. मी आठही बेअरिंगे धुतली, कपांच्या वाटांवरून नख फिरविले, आणि तीच पुन्हा बसविली.